रकाना तिसरा : मयताचे नाव

तारखा आधी लिहितो. पुढे कुणी म्हणायला नको की वय झाल्यामुळे याच्या डोक्यात सरमिसळ झाली.

दोन जून. तालुक्याच्या कचेरीत पहिला अर्ज. जबाबदार: आवक खिडकीवरचे लिपिक, ज्यांनी अर्ज घेतला आणि पोच मागितल्यावर "शिक्का साहेबांच्या कपाटात आहे" असे सांगितले.

नऊ जुलै. पहिले स्मरणपत्र. जबाबदार: अभिलेखपाल, ज्यांनी "सदर सालचे रजिस्टर आढळून येत नाही" एवढे एकच वाक्य लिहून दिले आणि त्याखाली सही करायचे विसरले.

तीस सप्टेंबर. अर्ज जिल्ह्याकडे वर्ग. जबाबदार: नायब तहसीलदार.

एकवीस नोव्हेंबर. तोच अर्ज जिल्ह्याकडून पुन्हा तालुक्याकडे वर्ग. जबाबदार: तिथले अव्वल कारकून.

पुढच्या वर्षीची अकरा फेब्रुवारी. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज. सतरा मार्च. तीस दिवस उलटून गेले म्हणून पहिले अपील. सुनावणीच्या दिवशी सुनावणी घेणारे साहेब दौऱ्यावर. जबाबदार: शिपायाच्या म्हणण्यानुसार, दौरा.

त्याच्याही पुढच्या वर्षीची चोवीस ऑगस्ट. प्रमाणित नक्कल हातात. त्या नकलेला कोण जबाबदार आहे, हे मला आज नीट सांगता येत नाही. हे सगळे लिहायला बसलो आहे ते त्यासाठीच.

नाव कुणाचेही लिहीत नाही. कचेरीचेही नाही, माझ्या गावाचेही नाही. पदे लिहितो, कारण माणसे निवृत्त होतात, पद निवृत्त होत नाही, आणि मला उत्तर पदाकडून हवे आहे.

मी स्वतः सरकारी नोकर कधीच नव्हतो. बत्तीस वर्षे कचेरीच्या आवारात, बाभळीखाली टेबल टाकून अर्जनवीस म्हणून बसलो. ज्यांना लिहिता येत नाही आणि ज्यांना लिहिता येते पण सरकारला काय लिहावे ते कळत नाही, अशा लोकांचे अर्ज मी लिहिले. वारसाची नोंद, शिधापत्रिका, वाटणी, हरकत, म्हणणे, फेरतपासणी. कायद्याची पदवी माझ्याकडे नाही, तरी आवारातले लोक मला वकीलसाहेब म्हणत. काही मानाने, काही टोमणा म्हणून. टेबल उचलून धाराशिवला मुलाकडे राहायला आलो त्याला आता बारा वर्षे होत आली. हात मात्र अजून कागद दिसला की समास सोडून लिहायला लागतो.

मला हवे होते ते एक नाव. एका बाईचे.

माझ्या वडिलांची दोन लग्ने झाली. मी दुसरीचा. पहिली अक्काच्या जन्मानंतर महिन्याच्या आत गेली. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, आता पंच्याऐंशीच्या आसपासची, मुरुमला दिलेली. वडिलांनी दोन वर्षांत माझ्या आईशी लग्न केले. मधली दोन भावंडे राहिली नाहीत, मग मी झालो. अक्काला माझ्या आईनेच वाढवले आणि मला निम्मे अक्काने, त्यामुळे सावत्र हा शब्द आमच्या घरात कधी कुणाच्या तोंडी आला नाही.

पहिलीचा उल्लेख मात्र रोज व्हायचा. माझ्या आईच्या गळ्यात काळ्या मण्यांशेजारी काळ्या दोऱ्यात चांदीचा एक टाक होता, बोटाच्या पेराएवढा, त्यावर उभी बाई कोरलेली. दुसरेपणाच्या बायकोने तो घालायचा, म्हणजे गेलेल्या सवतीचा मान राहतो, अशी आमच्याकडची रीत. आई नवे लुगडे नेसायच्या आधी त्याची घडी टाकाला टेकवायची आणि म्हणायची, "थोरले, तू आधी नेस." गोडधोड झाले की पहिला घास थोरलीचा. दुखले खुपले की थोरली रुसली. आम्ही मुले तिला ओळखत होतो, जशी शेजारच्या घरातली बाई ओळखावी. फक्त थोरली म्हणजे कोण, तिचे नाव काय, हे कुणाला माहीत नव्हते. तिचे माहेर सरहद्दीपलीकडे कानडी मुलुखात होते, ते लोक नंतर कुठे गेले कळले नाही. आईला विचारले तर ती म्हणे, "मला सांगितलंच न्हाय कुनी. मी आले तवा ती थोरलीच हुती." वडिलांना अक्काने एकदाच विचारले होते, लग्नाच्या आधी. ते बैलाला वैरण टाकत होते. टाकतच राहिले.

आई गेल्यावर तो टाक माझ्या देव्हाऱ्यात आला. पितृपंधरवड्यात नवमीला, म्हणजे अहेवनवमीला, अहेवपणी गेलेल्या बाईचे पित्तर असते. आमच्याकडे त्याला भटजी नसतो. एक सवाष्ण जेवू घालायची, एक ताट टाकापुढे वाढायचे आणि जेवायला हाक मारायची. माझ्या घरी अक्का दरवर्षी नवमीला येते. चार वर्षांपूर्वीच्या नवमीला जेवणे झाल्यावर ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "बापू, जन्मभर लोकांचे अर्ज लिव्हलास. माझा एक लिव्ह."

"कसला अर्ज, अक्का?"

"माझ्या आईचं नाव काय हुतं, ते सरकारला इचार. थोरली, थोरली म्हनून किती दिस हाक मारायची? म्हस बी असती थोरली. मी जायच्या आत एकदा तिला नावानं जेवायला बोलवीन म्हनते."

मला तेव्हा फार सोपे वाटले होते. जन्माच्या नोंदीत त्या काळी मुलीचेच नाव धड नसे, तर आईचे कुठून असणार; म्हणून मी फौतीच्या, म्हणजे मृत्यूच्या रजिस्टराची नक्कल मागायचे ठरवले. आमचा मुलूख निजामाचा, दप्तर उर्दूत, साल फसली. अक्का हुरड्याच्या दिवसांतली, एवढे घरात माहीत होते. फसली सालात पाचशे नव्वद मिळवले की इसवी सन निघतो, वर्ष ऑक्टोबरात बदलते, त्यामुळे कुठे एकाचा फरक पडतो. हा हिशेब मी आवारात पोरासोरांना शिकवलेला. मी अर्जात फसली तेराशे पन्नास लिहिले, कंसात इसवी सन लिहिला, महिना लिहिला, गाव, वडिलांचे नाव, सगळे. अक्काला म्हणालो, पुढच्या नवमीपर्यंत नाव आणतो.

पुढची नवमी गेली. वर ज्या तारखा दिल्या आहेत, त्यांच्या मधल्या दिवसांत मी काय करत होतो ते लिहिण्यासारखे नाही. बाकावर बसत होतो. ज्या कचेरीच्या आवारात मी बत्तीस वर्षे मालकासारखा वावरलो, तिथल्या लाकडी बाकाला मधली फळी नाही, हे मला बहात्तराव्या वर्षी कळले. शिपाई मला लांबून बघून म्हणे, "आले काका. पंखा लावा रे, तास गेला आता." आवक लिपिकांची बदली झाली, नवे आले, त्यांना सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगितले. ते म्हणाले, "काका, आईचं नाव पाहिजे म्हणता, पण आई तर तुमची नाही. तुमचा संबंध काय?"

मी म्हणालो, "सावत्र मुलगा."

"त्याचा पुरावा?"

पूर्वीचा मी असतो तर तिथल्या तिथे त्यांना कलम ऐकवले असते, आवाज बाहेरच्या चहावाल्यापर्यंत गेला असता. या खेपेस मी पुरावा म्हणून काय चालेल एवढेच विचारले. खाली जाऊन मी शपथपत्र लिहून आणले की मी माझ्या बापाचा मुलगा आहे.

अखेरीस नोंद सापडली ती एका नव्या बाईंमुळे. अभिलेख कक्षात त्या बदलून आल्या होत्या, पन्नाशीच्या, नाकाला रुमाल बांधून काम करायच्या. त्यांनी मला आत बोलावले, जे आधी कुणी केले नव्हते. म्हणाल्या, "काका, तुमचं रजिस्टर हरवलेलं नव्हतं. बघा कुठं होतं ते." रजिस्टराच्या पाठीवर कधीतरी कुणीतरी खडूने फक्त '५०' लिहिले होते. पुढे दप्तर हलवताना ते पन्नास बघून दुसऱ्याने ते एकोणीसशे पन्नासच्या गाठोड्यात बांधले. निजामाचे राज्य गेले, पोलीस ॲक्शन झाली, आणि त्याच्या आठ वर्षे आधी गेलेली माझी थोरली आई नव्या राज्यातल्या मयतांबरोबर बांधून पडली. मी इतका दमलो होतो की मला राग आला नाही. त्या बाईंना मी खाली वाकून नमस्कार करायला लागलो, तर त्या दचकल्या. "अहो काका, असं नका करू. माझी नोकरी आहे ती."

रजिस्टर उर्दूत होते. मध्यंतरी जुन्या नोंदी शोधायची जी धामधूम झाली, तेव्हा अशा रजिस्टरांचे मराठी उतारे घाईघाईने टंकून घेतले होते. या पानाचाही उतारा तयार होता. त्यावरून नक्कल निघाली. गाव बरोबर. महिना बहमन, म्हणजे ऐन थंडीचा, हुरड्याचा. रकाना तिसरा, मयताचे नाव: जोजाबाई. त्यापुढच्या रकान्यात माझ्या वडिलांचे नाव. मृत्यूचे कारण वाचता येत नाही, असा शेरा. खाली गोल शिक्का, सही, तारीख.

घरी जाऊन फोन करता आला असता. मी केला नाही. दुसऱ्या दिवशी उमरग्याच्या गाडीत बसलो, तिथून मुरुमची गाडी धरली आणि दुपारी अक्काच्या दारात उभा राहिलो. ती ओसरीत तुरी निवडत होती. तिची सून पलीकडे कपडे वाळत घालत होती; ती बॉर्डरपलीकडची, सासूला अव्वा म्हणणारी.

"अक्का, नाव सापडलं."

अक्काने सूप खाली ठेवले. हात लुगड्याला पुसले, दोन्ही बाजूंनी. "वाच."

"जोजाबाई."

"पुन्यांदा वाच."

मी पुन्हा वाचले. पुढे गाव, महिना, वडिलांचे नाव, शेरा, शिक्का, सगळे वाचले. तिला पुढचे काही नको होते. ती तोंडातल्या तोंडात म्हणून बघत होती. जोजा. जोजाबाई. मग हसली. "तिच्या आईनं जो जो करून लई जोजवलं आसंल तिला. म्हनून जोजा."

सून म्हणाली, "आणि अव्वा, तुमाला कुणी जोजवलं न्हाय, म्हणून असा तिखट स्वभाव."

"गप गं भवाने," अक्का म्हणाली, पण डोळ्यांतून पाणी येत होते आणि हसूही थांबत नव्हते.

त्या वर्षीच्या नवमीला अक्का आदल्या दिवशीच आली. गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर, तिने स्वतः हलवली, कुणाला हात लावू दिला नाही. ताट वाढून झाल्यावर टाकापुढे बसली. मला वाटले होते ती "आई" म्हणेल. ती म्हणाली, "ये गं जोजा, जेवायला. गरम हाय तवर ये." थोरली गेली तेव्हा सतरा-अठराची असेल. हाक मारणारी लेक पंच्याऐंशीची. माहेराला आलेल्या नातीला बोलवावे तसे तिने आईला बोलावले. माझ्या सुनेने पदर तोंडाला लावला. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

जाताना अक्काने टाक मागून नेला. मुरुमच्या सोनाराकडून त्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत नाव कोरून घेतले. जोजाबाई.

मी तिथे थांबायला हवे होते. ज्याला काम झाल्यावर थांबता येते, त्याला माझ्यासारखा माणूस आळशी म्हणतो. नकलेवर "मृत्यूचे कारण वाचता येत नाही" असा शेरा होता. सरकारी अभिलेखात वाचता येत नाही हा काय शेरा झाला? वाचणारा बसवा. मी अर्ज केला की मला मूळ पानाची छायाप्रत द्यावी. या खेपेस कुणीही अडवले नाही. एका महिन्यात छायाप्रत घरपोच आली. तीन वर्षांत एकदाच ते वेळेवर वागले.

ती छायाप्रत घेऊन मी उर्दू शाळेतल्या निवृत्त मास्तरांकडे गेलो. त्यांचे माझे जुने बसणे-उठणे. आवारात उर्दू कागद आला की मी त्यांच्याकडे पाठवायचो, ते वाचून द्यायचे. आता त्यांना मोतीबिंदू. एका डोळ्याचे झाले, दुसऱ्याचे राहिले. अंगणातल्या खाटेवर ऊन खात बसले होते.

"आओ वकीलसाब. कौनसा मुकदमा लाए?"

"कारण वाचून द्या, मास्तर. बाकी मला माहीत आहे."

त्यांनी कागद डोळ्याला लावला. "बुखार. ताप आला, गेली. बस. यात न वाचण्यासारखं काय होतं?" मग कागद तसाच धरून ठेवला. "आणि नाव काय म्हणता तुम्ही?"

"जोजाबाई."

"कुठाय जोजाबाई?"

मी रकाना तिसरा दाखवला.

मास्तरांनी कागद खाली घेतला. त्यांना वाटले मी चेष्टा करतो आहे. "वकीलसाब, बत्तीस साल जौजे जौजे लिहून हात झिजला तुमचा, आणि आज मला विचारता? हे नाव न्हाय. जौजा लिहिलंय. जौजा, आणि पुढं तुमच्या वालिदचं नाव. म्हणजे अमक्याची बायको. टंकणाऱ्यानं जौजाचं जोजा केलं आणि बाईमाणूस म्हणून बाई जोडली. नाव लिहिलेलंच न्हाय."

हे वाचणाऱ्याला सांगायला हवे. आमच्याकडे जुन्या कागदांत बाईची ओळख अशीच लिहीत. जौजे म्हणजे पत्नी. 'जौजे अमुक' म्हणजे अमक्याची पत्नी. सातबाऱ्याच्या अर्जापासून शपथपत्रापर्यंत हा शब्द मी स्वतःच्या हाताने किती वेळा लिहिला असेल याची मोजदाद नाही. आणि तोच शब्द एका काना-मात्रेच्या फरकाने, शेपटीला बाई लावून, शिक्का मारून माझ्यासमोर आला तेव्हा मी तो ओळखला नाही. मला नाव हवे होते, म्हणून मला नाव दिसले.

मास्तर म्हणाले, "जाऊ द्या. कुणाला कळणार आहे? सरकारनं दिलंय, शिक्का आहे."

ते खरे होते. पुराव्याचा कायदा प्रमाणित नक्कल खरी धरतो. ती खोटी आहे असे कुणी सिद्ध करेपर्यंत ती खरीच. आणि ते सिद्ध करू शकणारी माणसे जगात दोन, एक मोतीबिंदूवाले मास्तर आणि दुसरा मी.

सात महिने मी गप्प राहिलो. ज्याने आयुष्यभर वेलांटीची चूक दिसली तरी दुरुस्तीचा अर्ज केला, त्याने सात महिने एका माणसाला चुकीच्या नावाने आपल्या आईला हाक मारू दिली. अक्का फोनवर म्हणायची, "काल जोजा सपनात आली." मी म्हणायचो, हं. एकदा म्हणाली की टाक आता ती स्वतःच्या देव्हाऱ्यात ठेवते, रोज नाव घेऊन फूल वाहते. मी म्हणालो, बरं. फोन ठेवल्यावर माझी सून विचारायची, "मामंजी, बरं वाटत नाही का?"

यंदाचा पितृपंधरवडा जवळ आला. अक्काने निरोप पाठवला की नवमीला जोजाबाईच्या नावाने एकीऐवजी पाच सवाष्णी जेवू घालायच्या. त्या दिवशी मी गाडीत बसलो.

सांगताना मी उभाच होतो. अर्जात लिहितो तसे क्रमाने सांगितले. छायाप्रत मागितली, मास्तरांनी वाचली, शब्दाचा अर्थ असा, टंकणाऱ्याची चूक अशी, आणि ती मला ओळखू आली नाही ही माझी चूक. मला वाटत होते ती रडेल, किंवा मला बोलेल. बोलली असती तर बरे झाले असते.

तिने पदर डोक्यावर ओढून घेतला. मग म्हणाली, "म्हंजी आबांनी नाव सांगितलंच न्हाय."

"त्या काळी बायकोचं नाव घेत नसत, अक्का. पाटलाकडे वर्दी द्यायला गेले असतील, बायको गेली म्हणाले असतील. पाटलाने तसंच लिहवून घेतलं."

"आबा लाजले आसतील. पर त्यांना इचारलं का कुनी? पाटलानं, लिव्हनाऱ्यानं? तिचं नाव काय, असं कुनी इचारलं?"

तिने हे मला ठपका ठेवायला विचारले नव्हते. तिला खरेच जाणून घ्यायचे होते. पण मला एकदम माझे टेबल दिसले. टेबलापुढे उकिडवी बसलेली एक बाई, आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडची, शिधापत्रिकेच्या अर्जासाठी आलेली. नवऱ्याचे नाव तिला घेता येईना, तेव्हा शेजारणीने सांगितले. मी लिहिले: अर्जदार, जौजे अमुक. ती म्हणाली, "दादा, माझं बी नाव लिव्हा की." रकान्यात जागा उरली नव्हती. मी म्हणालो, "बाई, तुझं नाव लागत नाही यात." ती हसली आणि अंगठा उठवून गेली. तिचे नाव मी विचारले नव्हते. ती एकटी नव्हती. तशा किती, हे मी मोजायला बसलो तर आता माझ्याच्याने ते होणार नाही.

सून पाणी घेऊन आली. अक्काने देव्हाऱ्यातून टाक आणवला, तळहातावर घेतला. पाठीवरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"सोनाराकडून घासून घेऊ का?" मी विचारले.

"नगं. घासून काय निघनार? आत कुटं हाय दुसरं?" तिने टाक पालथा केला, नाव खाली आणि बाई वर, आणि मूठ मिटली. "पाच सवाष्णी राहू देत. पर हाक काय मारायची, ते तेवढं बघ तू. तू अर्ज लिव्हनारा हाईस."

गाडीत परत येताना मी अर्जाचा मसुदा मनात केला. सवयच ती. घरी आल्यावर तो स्वच्छ लिहून काढला. विषय: मृत्यूच्या नोंदीतील चुकीच्या दुरुस्तीबाबत. दुरुस्तीच्या अर्जाला ठरलेला नमुना आहे, त्याला दोन रकाने. पहिला, चुकीची नोंद. तिथे मी लिहिले: जोजाबाई. दुसरा, योग्य नोंद. तिथे पेन टेकवला आणि तसाच धरून बसलो. दुसऱ्या दिवशीही तो रकाना रिकामाच होता. खिडकीवर नेला तर नवीन लिपिक म्हणाले, "काका, रकाना रिकामा ठेवून अर्ज घेता येत नाही. योग्य नोंद काय ते लिहा, मग या."

त्यांचे बरोबर आहे. नियमच तसा आहे.

म्हणून सुरुवातीला दिलेल्या जबाबदारांच्या यादीत पुढील पदे जोडून वाचावीत ही विनंती. वर्दी घेणारा पाटील. लिहिणारा मुनशी. उतारा टंकणारा. ज्याने वैरण टाकणे थांबवले नाही तो नवरा. आणि आवारातला अर्जनवीस, ज्याला रकान्यात जागा उरली नाही. यातले पहिले, दुसरे आणि चौथे उत्तर द्यायला हयात नाहीत. तिसऱ्याचे नाव नकलेवर नाही. पाचवा मी आहे, आणि माझे उत्तर मी इथे दिले.

उरलेले उत्तर कचेरीने द्यावे. ज्या बाईचे नाव तुम्ही कधी लिहून घेतले नाही, तिच्या योग्य नोंदीच्या रकान्यात अर्जदाराने काय लिहावे, हे मला टपालाने कळवू नये. अहेवनवमीच्या आत, बाहेरच्या फलकावर, चार माणसांना वाचता येईल अशा अक्षरांत लावावे. टाकापुढे ताट वाढून अक्काला हाक मारायची आहे.